पुढं काय झालं? उत्तरभागांची जुनी वहिवाट

पन्हाळगडावर १७२९ मध्ये जन्मलेल्या मोरोपंतांनी १०८ रामायणं रचली, असं परंपरा सांगते. मोजणाऱ्यांनी मोजावीत; मला त्यांतली दोनच भुरळ घालतात. एक निरोष्ठ रामायण, ओठाला ओठ न लावता म्हणता येणारं. त्यात ‘म’ वर्ज्य, म्हणजे रामायण सांगायचं आणि ‘राम’ एवढं मात्र म्हणायचं नाही. दुसरं परंतु रामायण, त्यात आर्येआर्येत ‘परंतु’. ऐकणाऱ्याला गोष्ट पाठ. सीतेला कोण नेणार, सेतू कोण बांधणार, काहीच लपलेलं नाही. तरी पंत पुन्हा पुन्हा तीच गोष्ट घेऊन बसले, आणि ‘हे कुठून उचललंत?’ असं त्यांना विचारण्याचं कुणाच्या मनातही आलं नसेल.

आम्हा हौशी मंडळींना मात्र हा प्रश्न चुकत नाही. दिवाळी अंकात एखादी दीर्घकथा छापून आली की चहाच्या गाडीवर कुणीतरी विचारतोच, “कुठल्या पिक्चरवरनं घेतलंय ओ हे?” आणि गल्लीतल्या काकू भेटल्या की म्हणतात, “त्या पोराचं पुढं काय झालं? दुसरा भाग कधी काढणार?” पहिला प्रश्न संशयाचा आणि दुसरा मायेचा, असं आपण धरून चालतो. मागं जाऊन बघितलं तर दोन्हींचं मूळ एकच निघतं. आपल्याकडं कितीतरी नव्या गोष्टी जुन्या गोष्टीचं ‘पुढं काय’ विचारण्यातूनच सुचलेल्या आहेत.

हरिवंश घ्या. हे महाभारताचं खिलपर्व, म्हणजे पुरवणी. पुरवणी म्हणायची, पण श्लोक १६,०००च्या घरात. तिची सुरुवात श्रोत्याच्या तक्रारीनं होते. शौनक सौतीला म्हणतो, कुरुकुळाची हकिगत सांगितलीस, पण वृष्णी आणि अंधक, म्हणजे कृष्णाची कुळं, राहिलीच की. तक्रार रास्त आहे. मूळ ग्रंथात कृष्ण पहिल्यांदा भेटतो तो द्रौपदीच्या स्वयंवरात, थोर झालेला. त्याचं गोकुळ, त्याचं लहानपण सविस्तर येतं ते या पुरवणीत. म्हणजे ग्रंथ नंतरचा आणि गोष्ट आधीची. सिनेमावाले आता याला प्रीक्वेल म्हणतात आणि नवीन काही शोधल्यासारखं सांगतात. असो.

उत्तरभाग कसा रचावा हे मला भवभूतीइतकं कुणी शिकवलं नाही. आठव्या शतकातला हा नाटककार. आधी त्यानं महावीरचरित लिहिलं, रामाच्या राज्याभिषेकापर्यंतचं. मग उत्तररामचरित. आता दुसऱ्या नाटकाला बसलेल्या प्रेक्षकाला मागचं आठवून द्यायला हवं, ही अडचण प्रत्येक उत्तरभागाची. आपण ती सुरुवातीच्या चार परिच्छेदांत कंटाळवाणी माहिती कोंबून सोडवतो. भवभूती पहिल्याच अंकात लक्ष्मणाला चित्रं घेऊन आणतो. रामाच्या आयुष्यातले प्रसंग त्यावर रंगवलेले. राम, सीता, लक्ष्मण एकेक चित्र बघतात, कुठं हसतात, कुठं कळवळतात. प्रेक्षकाची उजळणी झाली. पण एवढ्यावर थांबला असता तर तो भवभूती कसला? चित्रं बघता बघता गरोदर सीतेला ते अरण्य पुन्हा बघावंसं वाटतं, ती तसं बोलून दाखवते, आणि लोकापवादाची बातमी कानी आल्यावर तिला वनात पाठवायला हीच इच्छा निमित्त होते. आठवणीनंच पुढची गोष्ट घडवली.

शेवटी तर त्यानं वाल्मीकीलाच पात्र केलं. सातव्या अंकात वाल्मीकी अप्सरांकडून नाटक करवतो, राम ते बघत बसतो, समोर आपल्याच सीतेचे हाल बघून कोसळतो. आणि मग खरी सीता परत येते. मूळ रामायणात ती भूमीच्या पोटात जाते. भवभूतीनं भेट घडवली. मूळ कवीला रंगमंचावर उभं करून, त्याच्याच हातून त्याचा शेवट बदलायचा, याला छाती लागते.

सगळेच एवढे धीट नसतात. एकनाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडात राहिलं, ते त्यांच्या गावबा नावाच्या शिष्यानं पुरं केलं. पुरणपोळीसाठी नाथांच्या घरी येऊन राहिलेला मंद पोरगा, अशी त्याची आख्यायिका. त्यानं काही बदलायला घेतलं नाही, गुरूच्या चालीनं चालत काम तडीस नेलं. ही दुसरी जात. मूळ लेखकाचा आवाज काढण्याची. मला जमत नाही, पण मी तिला कमी लेखत नाही.

छपाई आली आणि गोष्टीला मालक आला, गिऱ्हाईकही आलं. हरि नारायण आपट्यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि मराठी वाचक पुढच्या अंकाची वाट बघायला शिकला. त्याच आपट्यांची पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ रेनल्ड्स या इंग्रजी लेखकाच्या आधारानं उभी होती. तिथून सुरुवात करून ते ‘पण लक्षात कोण घेतो’पर्यंत पोचले, हे ‘उसनं घेतलंय’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांना सांगण्यासारखं आहे. पुढं बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे झुंजार आणि काळापहाड पुस्तकागणिक परत येत, कारण वाचकांना तेच दोघं हवे असत. इथं ‘पुढं काय’ उरत नाही, ‘पुन्हा तेच’ उरतं. त्यातही मजा आहे, मीही ती लुटलेली आहे. पण जात वेगळी.

गिऱ्हाइकाच्या या रेट्याला कॉनन डॉयल इतका कावला, की १८९३ मध्ये त्यानं होम्सला धबधब्यात ढकलून दिलं. दहा वर्षांनी त्याला परत जिवंत करावं लागलं. स्पॅनिश लेखक सर्व्हान्टिसची गत आणखी मजेची. त्याच्या ‘डॉन किहोते’ कादंबरीचा पहिला भाग १६०५ मध्ये आला, दुसरा तो लिहीत असतानाच १६१४ मध्ये भलत्याच माणसानं टोपणनावानं दुसरा भाग बाजारात आणला. सर्व्हान्टिसनं १६१५ मध्ये खरा दुसरा भाग काढला आणि त्यात आपल्या नायकाला त्या खोट्या पुस्तकाची बातमी लागू दिली. खोट्या भागातला नायक सारागोसाला गेला होता, म्हणून खरा तिकडं जायचं टाळून बार्सिलोनाकडं वळतो. राग काढावा तर असा.

आता कोल्हापूर. इथल्या सिनेमाची सुरुवातच उसन्या गोष्टीनं झाली. बाबूराव पेंटर मूळचे मेस्त्री, नाटकांचे पडदे रंगवणारे. १९२० मधला त्यांचा ‘सैरंध्री’ हा मूकपट महाभारताच्या विराटपर्वातला, पण थेट तिथून आलेला नव्हे. मध्ये खाडिलकरांचं ‘कीचकवध’ होतं. १९०७ च्या त्या नाटकातला कीचक म्हणजे व्हाइसरॉय कर्झन, हे प्रेक्षकांना सांगावं लागलं नाही, सरकारलाही लागलं नाही, आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. मग तीच गोष्ट पडद्यावर. १९३३ मध्ये प्रभात फिल्म कंपनीनं ‘सैरंध्री’ पुन्हा केला, बोलका आणि रंगीत. केला कुणी? पेंटरांच्याच हाताखाली तयार झालेल्या व्ही. शांतारामांनी. रंग काही मनासारखे उतरले नाहीत, चित्रपट पडला. प्रभातचाच, कोल्हापुरात झालेला ‘अयोध्येचा राजा’ हा १९३२ मधला पहिला मराठी बोलपट, त्यात हरिश्चंद्राची तीच कथा, जी फाळक्यांनी १९१३ मध्ये मूकपटात सांगितली होती. खुद्द पेंटरांनी ‘सावकारी पाश’ १९२५ मध्ये मूकपट म्हणून केला आणि १९३६ मध्ये बोलपट म्हणून. नवं यंत्र हाती आलं की जुनी गोष्ट त्यात घालून बघायची, अशी ती रीत.

याला मी उत्तरभाग म्हणणार नाही. ही पुनरुक्ती, कधी सरस, कधी सुमार. माणसं तीच, प्रसंग तेच. उत्तरभागाला मूळ गोष्टीत कुठंतरी फट सापडावी लागते, आणि ती शोधण्यात कोल्हापूरच्या कादंबरीकारांचा हात धरणं अवघड आहे.

वि. स. खांडेकर १९३८ मध्ये शिरोड्याहून कोल्हापुरात आले. ‘ययाति’ १९५९ ची. आदिपर्वातला कच संजीवनी शिकतो, देवयानीला नाकारतो, दोघं एकमेकांना शाप देतात आणि तो देवलोकी निघून जातो. तिथं महाभारताचं त्याच्याशी काम संपतं. खांडेकरांचं संपलं नाही. शाप घेऊन गेलेला माणूस पुढं कसा जगला असेल, या प्रश्नातून त्यांनी कचाला परत आणलं आणि ययातीच्या समोर उभं केलं. ययातीचा भाऊ यती, मूळात दोन ओळींचा धनी, त्यालाही कादंबरीत वजन आलं. कथा सांगतात ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा, आपापल्या तोंडानं. १९७४ चं ज्ञानपीठ याच कादंबरीला. नवोदितांना मी नेहमी सांगतो, आधी आदिपर्वातलं ययात्युपाख्यान वाचा आणि लगेच कादंबरी वाचा. काय घेतलं यापेक्षा, व्यासांनी जिथं हात आखडता घेतला तिथं खांडेकर किती पानं थांबले, ते बघा.

जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला आजरा आणि कोवाड. आजऱ्याचे शिवाजी सावंत, कोवाडचे रणजित देसाई. दोघांनी कर्ण घेतला. १९६७ मध्ये ‘मृत्युंजय’, काही वर्षांनी ‘राधेय’. एका जिल्ह्यातल्या दोन लेखकांना एकच नायक, एकमेकांच्या इतक्या जवळ! तरी कुणी कुणाची नक्कल केली असं कुणी म्हणत नाही, कारण दोघांचे प्रश्न वेगळे. सावंतांनी सहा जणांना बोलायला लावलं आणि शेवटचा भाग कृष्णाकडं दिला, कारण मेलेला कर्ण स्वतःचं मरण कसं सांगणार? त्याच कृष्णावर ते २००० मध्ये ‘युगंधर’ घेऊन आले. एका कादंबरीतला शेवटचा निवेदक तेहतीस वर्षांनी दुसऱ्या कादंबरीचा नायक झाला. मला विचाराल तर मराठीतला सगळ्यात देखणा उत्तरभाग हाच आहे, जरी त्याच्यावर ‘भाग दुसरा’ असं कुठं छापलेलं नाही.

कागलच्या आनंद यादवांचं निराळं. ‘झोंबी’ १९८७ ची, तिच्यामागून नांगरणी, घरभिंती, काचवेल. स्वतःचंच आयुष्य सांगायचं म्हटल्यावर ‘पुढं काय झालं’ हे शोधायला लागत नाही, पण शाळेसाठी बापाशी झुंजणाऱ्या त्या पोराची पहिल्या पुस्तकातली धग पुढच्या पुस्तकांत टिकवायची हे कठीण काम. माझ्या मते पहिलं पुस्तक इतकं पेटलेलं आहे, की बाकीच्या तिघांवर थोडा अन्यायच होतो.

एक व्यवहाराची बाब. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. खांडेकर १९७६ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या कादंबरीवरचा हक्क २०३६ अखेरपर्यंत. त्यांनी रंगवलेला कच पुढं न्यायचा तर परवानगी काढा. आदिपर्वातला कच मात्र कुणाच्याही बापाचा नाही. हौशी लेखकांच्या गप्पांत हा फरक फार वेळा निसटतो. कल्पना मोकळी असते, तिचा लिहून झालेला आकार मोकळा नसतो.

राहिली माझी गोष्ट, काकू जिच्यातल्या पोराबद्दल विचारतात ती. ती सिनेमाची पोस्टरं रंगवणाऱ्या एका माणसाची होती. डिजिटल फ्लेक्स आल्यावर त्याचं काम गेलं आणि मुलगा पुण्याला निघून गेला, तिथं मी थांबलो. वाचकांना मुलाचं पुढं काय झालं ते हवंय. मला प्रामाणिकपणे त्याच्यात रस उरलेला नाही, त्याचं काय होणार ते कुणीही सांगेल. कथा पुन्हा चाळताना मला अडकवलं ते त्याच्या आईनं. ती दोन वाक्यांत येऊन जाते: नवऱ्याच्या रंगाच्या डब्यांची झाकणं घट्ट बसवते आणि चहा ठेवायला आत जाते. ही बाई एवढी वर्षं काय बघत होती? तिनं नवऱ्याचा एकही सिनेमा थिएटरात बघितला होता का? नटीचा चेहरा रंगवताना तो कुणाकडं बघून रंगवायचा?

दुसरा भाग झालाच तर तिच्या तोंडून होईल, आणि गोष्ट मुलाच्या जन्माआधी सुरू होईल. पेंटरांच्या नंतरच्या पिढीतल्या पोस्टर रंगवणाऱ्यांच्या घरात बायका कामाला हात लावत होत्या का, अक्षरं भरत होत्या का, हे आधी दोन-चार घरी बसून विचारायचं आहे. काकूंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, “म्हंजे पोराचं काय झालं ते कळणार न्हाईच की!” यंदाच्या दिवाळी अंकाची मुदतही मी गाठणार नाही, हेही त्यांना सांगून ठेवलं आहे.