हरता डाव: प्रतिहल्ला की स्विंडल?

बुद्धिबळाचा डाव हातातून निसटायला लागला की बरेच खेळाडू "आता हल्लाच करायचा" म्हणतात आणि दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करतात. प्रतिहल्ला समोरच्याने सर्वोत्तम उत्तर दिलं तरी टिकतो. स्विंडल, म्हणजे हरत्या डावात लावलेला सापळा, त्याच्या चुकीशिवाय चालतच नाही.

धमकी आली की बचाव न करता तेवढीच किंवा तिच्याहून मोठी धमकी द्यायची, हा प्रतिहल्ला. पेट्रॉफ बचाव ही काळ्याची डावाच्या सुरुवातीची पद्धत बघा (ई४, एफ३ ही पटावरच्या घरांची नावं; आधी पांढऱ्याची चाल, मग काळ्याची): १. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा एफ६. काळा ई५चं प्यादं राखत बसत नाही, थेट ई४वर नेम धरतो. पण ३. घोडा मारतो ई५ यावर लगेच काळ्या घोड्याने ई४ मारलं की पंचाईत होते. ४. वजीर ई२. आता घोडा एफ६ला परतला तर ५. घोडा सी६! घोडा बाजूला होताच पांढऱ्या वजिराचा शह बसतो आणि डी८चा वजीर घोड्याच्या तोंडी जातो. दोघांनी एकेक प्यादंच मारलेलं असतं, पण चाल पांढऱ्याची असते आणि काळा राजा उघड्या ई-पट्टीवर. म्हणून काळ्याने आधी ३...डी६ खेळून घोडा हुसकावायचा, मग ई४ मारायचं. प्रतिहल्ले बहुतेक वेळा असेच फसतात: समोरचा शह देत आपलं मोहरं सोडवतो. चाल खेळण्याआधी त्याचे सगळे शह मोजा, मग मारण्याच्या चाली.

स्विंडलचा नमुना म्हणजे १९६३-६४च्या अमेरिकन अजिंक्यपद स्पर्धेतला इव्हान्स–रेशेव्हस्की डाव. हरत असलेल्या इव्हान्सने ४७. एच४ खेळून आपलं शेवटचं मोकळं प्यादंही अडकवून टाकलं. ४७...हत्ती ई२ शह ४८. राजा एच१. रेशेव्हस्कीच्या वजिराने जी३चं प्यादं मारलं, आणि ४९. वजीर जी८ शह! राजाने वजीर मारल्यावर ५०. हत्ती मारतो जी७ शह. हा हत्ती राजाने मारा किंवा वजिराने, स्टेलमेट: पांढऱ्याला शह नाही, पण खेळायला चालही नाही. डाव बरोबरीत सुटला. एच४ या चालीत दिसायला काहीच नव्हतं, म्हणूनच ती फळली.

निवड कशी करायची? इंजिनच्या, म्हणजे बुद्धिबळाच्या संगणक प्रोग्रामच्या भाषेत उणे दीडच्या (साधारण दीड प्याद्याएवढे मागे) आसपास असाल तर स्विंडलच्या नादी लागू नका. तिथे डाव अजून वाचतो आणि फसलेला सापळा तो घालवतो. उणे सहाला मात्र उणे आठ झाल्याने काही बिघडत नाही. तिथे अशी चाल शोधा, जिला एकच उत्तर आहे आणि सहज सुचणारं उत्तर चुकीचं आहे.

आपले मोहरे समोरच्यापेक्षा कमी असताना प्याद्यांची मारामारी करा, मोहऱ्यांची टाळा. समोरचा राजा उघडा असेल तर वजीर अजिबात बदलू नका, सततच्या शहाने बरोबरी साधण्याची आशा त्याच्यावरच असते. आणि त्याचं घड्याळ संपत आलं म्हणून आपण भराभर खेळायचं नाही, कारण त्याच्या वेळात सापळा शोधायचं काम आपल्यालाही करायचं असतं.