हीम आणि चतुष्पिरोल रंगद्रव्ये

रक्ताचा तांबडा, पानाचा हिरवा आणि काविळीचा पिवळा हे तिन्ही रंग एकाच घराण्यातले आहेत. चार कार्बन व एक नायट्रोजन अशा पाच अणूंच्या कड्याला पिरोल म्हणतात. अशी चार कडी जोडून होणारे रेणू म्हणजे चतुष्पिरोल. चारही कडी गोलाकार गुंफली की मधोमध धातूचा एक अणू बसेल एवढी जागा उरते. तिथे लोह बसले की हीम होते. मॅग्नेशियम बसून कड्यात थोडा फेरफार झाला की हरितद्रव्य, आणि कोबाल्ट बसले की ब-१२ जीवनसत्त्व. गोबरगॅसच्या टाकीत मिथेन तयार करणाऱ्या सूक्ष्मजीवांत याच जागी निकेल सापडते. वर्तुळ एका ठिकाणी तुटून सरळ साखळी झाली, तर पित्तातली हिरवी-पिवळी रंगद्रव्ये मिळतात.

नागपूरकडच्या वाचकाला हा विषय परका नाही. सोयाबीनच्या मुळावरच्या गाठी, पिवळी पडलेली संत्र्याची बाग आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सिकलसेल हा तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार, ही सगळी याच रेणूंची प्रकरणे आहेत. म्हणून या नोंदीतली बरीचशी उदाहरणे इथलीच आहेत.

रचना व रंग : या वर्तुळात एकेरी व दुहेरी बंध आलटून पालटून असतात, त्यामुळे इलेक्ट्रॉन एका जागी न राहता साऱ्या कड्यावर पसरलेले असतात आणि दृश्य प्रकाश जोराने शोषतात. ४०० नॅनोमीटरच्या आसपासचा जांभळा प्रकाश तर जवळजवळ सगळाच गिळला जातो. या पट्ट्याला १८८३ मध्ये तो नोंदवणाऱ्या सोरे यांचे नाव आहे. हीमचे रेणुवजन सुमारे ६१६, तर हिमोग्लोबिनचे ६४,५०० च्या घरात. एका हिमोग्लोबिनमध्ये चार हीम असतात, म्हणजे वजनाने ते चार टक्केही भरत नाहीत. उरलेले सगळे प्रथिन रंगहीन असते. रक्त लाल दिसते ते एवढ्याशा भागामुळे.

हरितद्रव्यात मॅग्नेशियम असते हे रिखार्ट व्हिलश्टेटर यांनी दाखवले (नोबेल १९१५). हान्स फिशर यांनी १९२९ मध्ये हीमचे लवणरूप प्रयोगशाळेत तयार केले आणि त्यांना १९३० चे नोबेल मिळाले. रक्त आणि पान यांचा सांगाडा एक आहे, हे त्यांच्या कामाने पक्के झाले.

हे नाते घरी पाहता येते. पावसाळ्यात बाजारात येणारा तरोटा किंवा साधा पालक खलात कुटून सर्जिकल स्पिरिटमध्ये अर्धा तास ठेवावा आणि गाळून काचेच्या पेल्यात घ्यावा. द्रव गर्द हिरवा दिसतो. खोलीत अंधार करून नोटा तपासायचा जांभळा दिवा त्यावर धरला की तोच द्रव आतून रक्तासारखा लाल पेटतो. जिवंत पानात हरितद्रव्याने शोषलेली ऊर्जा लगेच प्रकाशसंश्लेषणाच्या कामी लागते. स्पिरिटमध्ये ती घ्यायला कोणी नसते, म्हणून तिचा काही भाग लाल प्रकाश होऊन बाहेर पडतो.

शरीरातील निर्मिती : प्राण्यांत हीमची सुरुवात ग्लायसिन हे अमिनो आम्ल आणि सक्सिनिल कोएन्झाइम-ए यांच्या जोडणीने होते. या पहिल्या पायरीला ब-६ जीवनसत्त्व लागते. वनस्पती हाच पहिला टप्पा ग्लुटामेटपासून गाठतात. प्रत्येक हीमसाठी आठ ग्लायसिन खर्ची पडतात आणि काम आठ विकरांच्या (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या) हातून जाते. पहिली पायरी पेशीतील मायटोकाँड्रियात, मधल्या चार बाहेरच्या द्रवात आणि शेवटच्या तीन पुन्हा मायटोकाँड्रियात होतात. अगदी अखेरीस फेरोकिलेटेज हे विकर तयार कड्यात लोहाचा अणू बसवते. यातले दुसरे आणि शेवटचे विकर शिशामुळे बंद पडते. जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे वितळवणाऱ्या कामगारांना रक्तक्षय होतो, त्याचे एक मोठे कारण हे.

ही वाट उलगडण्यात डेव्हिड शेमिन यांचा वाटा मोठा आहे. त्यांनी १९४५ च्या सुमारास नायट्रोजन-१५ या जड समस्थानिकाची खूण असलेले ६६ ग्रॅम ग्लायसिन स्वतः खाल्ले आणि पुढे कित्येक आठवडे स्वतःचे रक्त तपासत राहिले. खूण हीममध्ये उतरली, आणि ती किती दिवस टिकते यावरून तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२७ दिवस असल्याचेही कळले.

धातू बसण्याआधीचे मोकळे कडे, म्हणजे पॉर्फिरिन, मात्र घातक असते. त्यावर ऊन पडले की ते शोषलेली ऊर्जा ऑक्सिजनला देते आणि तो उत्तेजित ऑक्सिजन पेशीची पटले जाळतो. सोयाबीनमध्ये फवारली जाणारी ॲसिफ्लोरफेन किंवा फोमेसाफेन ही तणनाशके याच जोरावर चालतात. ती हरितद्रव्य व हीम यांच्या सामाईक वाटेतले एक विकर अडवतात, मोकळे पॉर्फिरिन साठते आणि स्वच्छ उन्हात तण करपते. सोयाबीन त्या औषधाची वेळीच मोडतोड करते म्हणून तगते. माणसात अशीच पॉर्फिरिने साठण्याच्या आनुवंशिक रोगांना पॉर्फिरिया म्हणतात. काही प्रकारांत उन्हाने कातडीवर फोड येतात, काहींत पोटदुखीचे जबरदस्त झटके येतात आणि लघवी ठेवली की गडद तांबूस होत जाते.

प्राणवायूची ने-आण : नुसते हीम पाण्यात सोडले तर ऑक्सिजन त्याच्या लोहाला लगेच गंजवतो आणि ते निकामी होते. ग्लोबिन प्रथिनाची घडी हीमला आत दडवून ठेवते, म्हणून लोह फेरस म्हणजे न गंजलेल्या स्वरूपात राहते, ऑक्सिजन धरते आणि सोडते. एका हीमने ऑक्सिजन धरला की लोहाचा अणू कड्याच्या पातळीत किंचित सरकतो, त्याला जोडलेले हिस्टिडिन हे ग्लोबिनमधले अमिनो आम्ल ओढले जाते, आणि ती ओढ उरलेल्या तीन घटकांपर्यंत पोहोचून त्यांचे काम सोपे करते. ही रचना मॅक्स पेरुट्झ यांनी क्ष-किरणांनी उलगडली. त्यांना व मायोग्लोबिनची रचना शोधणारे जॉन केंड्र्यू यांना १९६२ चे नोबेल मिळाले.

कार्बन मोनॉक्साइड याच जागेवर ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट घट्ट बसतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत दारे-खिडक्या लावून खोलीत कोळशाची सिगडी ठेवून झोपणे जिवावर बेतते ते यामुळे. रक्त उलट अधिकच लालभडक होते, म्हणून चेहऱ्यावरून धोका ओळखू येत नाही. नायट्रेटची बाधा निराळी आहे. खताच्या किंवा सांडपाण्याच्या झिरप्याने विहिरीत नायट्रेट वाढले आणि ते पाणी वरच्या दुधातून तान्ह्या बाळाला गेले, तर त्याचे नायट्राइट होऊन हिमोग्लोबिनचे लोह फेरिक म्हणजे गंजलेले बनते. रक्त चॉकलेटी आणि बाळ निळसर दिसू लागते. पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅम ही भारतीय मानकाची मर्यादा आहे, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही.

स्वयंपाकघरातले रंगही इथेच कळतात. ताज्या मटणाचा लाल रंग मुख्यतः स्नायूतल्या मायोग्लोबिनचा असतो. आतून कापले की जांभळट, हवा लागली की लाल, बराच वेळ उघडे राहिले की तपकिरी. सावजी पद्धतीची रक्ती कढईत पडताच काळपट होते, कारण उष्णतेने ग्लोबिनची घडी उकलते आणि लोह फेरिक होते. अंबाडीची भाजी शिजताना हिरवेपणा सोडून मातकट होते, त्याचे कारण तिचा आंबटपणा. आम्लामुळे हरितद्रव्यातले मॅग्नेशियम निघून जाते.

मुळावरचे रक्त : विदर्भातल्या कोणत्याही सोयाबीनच्या शेतात हे पाहता येईल. पेरणीनंतर साधारण चाळीस दिवसांनी, जमीन ओली असताना, एक झाड हलक्या हाताने मातीसकट उपटावे. मुळावर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी दिसतात. त्यातली एक ब्लेडने मधोमध चिरली तर आत गुलाबी-लाल गर असतो आणि बोटाला रंग लागतो. हे लेगहिमोग्लोबिन. त्यातले हीम हे हिमोग्लोबिनमधलेच आहे, हे जपानमधील कुबो यांनी १९३९ मध्ये दाखवले. गाठीतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधतात, पण ते करणारे विकर ऑक्सिजनने नासते. जिवाणूंना श्वसनासाठी तर ऑक्सिजन हवाच. हे रंगद्रव्य ऑक्सिजन धरून ठेवते आणि जिवाणूंना लागेल तेवढाच पुरवते. गर पांढरा असेल तर गाठ कामाला लागलेली नाही, आणि हिरवट असेल तर ती म्हातारी झाली आहे. तो हिरवेपणा हीम मोडल्याचा आहे. युरियाची गोणी फोडण्याआधी शेतकऱ्याने दोन-चार गाठी चिरून पाहाव्यात असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते. त्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज नाही.

संत्र्याची गोष्ट थोडी फसवी आहे. काटोल-नरखेड पट्ट्यातल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असते, पण विम्ल मातीत ते विरघळत नाही. कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो. हरितद्रव्यात लोह नसते, तरी ते घडवणाऱ्या एका विकराला लोह लागतेच. म्हणून हिराकशीच्या, म्हणजे फेरस सल्फेटच्या, फवारणीने पाने हिरवी होतात. जुनी पाने आधी आणि सबंध पिवळी पडत असतील तर ती नत्राची कमतरता समजावी. फळाचा केशरी रंग मात्र या घराण्यातला नव्हे. तो कॅरोटिनॉइडांचा असतो आणि सालीतले हरितद्रव्य मोडले की उघडा पडतो. हिरव्या सालीच्या फळांना एथिलीन वायू देतात तो ही मोडतोड घडवण्यासाठी.

विघटन : शरीरात रोज २५० ते ३०० मिलिग्रॅम बिलिरुबिन म्हणजे पित्तारुण तयार होते. हीम ऑक्सिजनेज हे विकर वर्तुळ एका जागी कापते, तेव्हा लोह सुटे होते, थोडा कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि हिरवे बिलिव्हर्डिन उरते. ते पुढे पिवळे बिलिरुबिन होते. मुका मार लागून काळेनिळे झालेली जागा आधी हिरवट आणि मग पिवळी होत जाते, हा सगळा क्रम कातडीखाली डोळ्यांनी दिसतो. यकृत बिलिरुबिनला पाण्यात विरघळण्याजोगे करून पित्तातून आतड्यात सोडते. तिथल्या जिवाणूंनी घडवलेल्या त्याच्या रूपांतून मळाचा तपकिरी आणि लघवीचा पिवळा रंग येतो. सुटे झालेले लोह वाया जात नाही. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह असे फिरून वापरले जाते, आहारातून जेमतेम १-२ मिलिग्रॅमची भर पडते.

नवजात बाळाचे यकृत हे काम लगेच पेलत नाही. कोवळ्या उन्हात ठेवलेली बाळे कमी पिवळी दिसतात हे इंग्लंडमधील रॉचफर्ड रुग्णालयातील एका परिचारिकेच्या लक्षात आले, आणि १९५८ मध्ये क्रेमर व सहकाऱ्यांनी दिव्याखालच्या उपचाराचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ४६० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश बिलिरुबिनचा आकार बदलतो आणि ते यकृताच्या मदतीवाचून बाहेर पडू शकते. कावीळ जास्त असेल तर घरचे ऊन या दिव्याची जागा घेऊ शकत नाही.

मलेरिया व सिकलसेल : मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन खातो, पण सुटलेले हीम त्यालाही विषारी असते. ते तो काळपट स्फटिकांत बांधून ठेवतो. या स्फटिकांना हिमोझोइन म्हणतात. क्लोरोक्विन हीच बांधणी रोखते. रोनाल्ड रॉस यांना २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डासाच्या जठरात जे काळे कण असलेले कोश दिसले, ते कण म्हणजे हे रूपांतरित हीम.

गडचिरोली-चंद्रपूरपासून सातपुड्यापर्यंतच्या जंगलपट्ट्यात मलेरिया पिढ्यान्‌पिढ्या राहिला आणि त्याची खूण रक्तात उरली. सिकलसेलचे एकच जनुक असलेल्याला जीवघेण्या मलेरियापासून काहीसे संरक्षण मिळते, म्हणून ते जनुक टिकले. आदिवासी, अनुसूचित जाती व इतर मागासवर्गीय समाजांत ते अधिक आढळते, त्याचा अर्थ कोणाच्या रक्तात खोट आहे असा घेणे साफ चूक आहे.

सिकलसेलमध्ये हीम निर्दोष असते. बीटा ग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. पॉलिंग व सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये याला रेणूचा आजार म्हटले आणि व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५६-५७ मध्ये नेमका बदल शोधला. ऑक्सिजन सोडल्यावर असे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोरे होतात आणि पेशी विळ्यासारखी वाकते. ती बारीक वाहिन्यांत अडकते, असह्य वेदना होतात आणि १२० ऐवजी १०-२० दिवसांतच ती फुटते.

इतक्या पेशी फुटल्या की बिलिरुबिन वाढते आणि डोळे पिवळे दिसतात. गावाकडे याला कावीळ समजून ती उतरवून घ्यायला नेतात आणि निदानात वर्षे जातात. यकृत बहुधा चांगले असते, आणि हे बिलिरुबिन पाण्यात विरघळत नसल्याने लघवीतून उतरत नाही. दुसरी चूक लोहाच्या गोळ्यांची. ‘रक्त कमी आहे’ म्हणून त्या सुरू होतात, पण फुटलेल्या पेशींतले लोह शरीरातच राहते आणि रक्त चढवले की आणखी साठते. फेरिटिन हे लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन तपासून कमतरता सिद्ध झाल्याशिवाय लोह देऊ नये. फॉलिक आम्ल लागते, आणि हायड्रॉक्सियुरियामुळे गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढून झटके कमी होतात.

नागपुरात मेडिकल आणि मेयो या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या शासकीय रुग्णालयांत विदर्भाबरोबर मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही हे रुग्ण येतात. सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे सुरू झाली आणि तिचे लक्ष्य २०४७ हे वर्ष आहे. पहिली चाचणी सॉल्युबिलिटीची. रक्ताचा एक थेंब ऑक्सिजन काढून घेणाऱ्या द्रावणात टाकतात आणि परीक्षानळीमागे रेघा ओढलेला कागद धरतात. रेघा दिसल्या तर नमुना साधा, द्रव गढूळ होऊन रेघा झाकल्या तर सिकलचे हिमोग्लोबिन आहे. पण गढूळपणा वाहकातही येतो आणि रुग्णातही. एएस पॅटर्न (सिकलचे एकच जनुक असलेला वाहक) की एसएस (दोन्ही जनुके सिकलची असलेला रुग्ण), हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या चाचण्या केल्यावरच ठरते, म्हणून लग्न जुळवताना पहिल्या चाचणीच्या कागदावर थांबू नये. आई-वडील दोघेही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता २५ टक्के असते. पहिले मूल एसएस निघाले म्हणून दुसऱ्या वेळी ती कमी होत नाही.