हायस्कूलचं ग्रंथालय: आधी कपाट आलं, ग्रंथपाल नंतर

शाळेच्या ग्रंथालयाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास पुस्तकांच्या संख्येचा असतो. दाखल नोंदवहीत किती पुस्तकं चढली, कपाटं किती, यंदा अनुदान किती मिळालं. पण या विषयाचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास चाळला तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. विद्यार्थ्याला खरी मदत होऊ लागली ती पुस्तकं जाणणारा आणि मुलांना वेळ देणारा माणूस त्या खोलीत येऊन बसला तेव्हा. हे कळायला शिक्षणव्यवस्थांना फार वेळ लागला, आणि दरम्यान लाखो पुस्तकं वाया गेली.

'लाखो' हा शब्द मी अक्षरशः वापरतो आहे. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याने १८३५ मध्ये कायदा करून गावोगावच्या शाळा-विभागांना ग्रंथालयासाठी कर बसवण्याची मुभा दिली. १८३८ मध्ये राज्याचा निधीही मंजूर झाला. शेजारच्या मॅसॅच्युसेट्समध्ये शिक्षणसुधारक होरेस मान यांनी हाच विचार लावून धरला आणि इतर राज्यांनीही तो उचलला. १८५३ पर्यंत एकट्या न्यूयॉर्कच्या या ग्रंथालयांत सुमारे १६ लाख पुस्तकं जमली होती. पुढच्या वीसेक वर्षांत त्यातली जवळजवळ निम्मीच उरली. पुस्तकं बहुतांशी मोठ्यांसाठी निवडलेली होती, ठेवायला धड जागा नव्हती, सांभाळणाऱ्याला त्या कामाचं शिक्षण नव्हतं आणि ग्रंथालयाचा पैसा शिक्षकांच्या पगाराकडे वळवण्याची सोय कायद्यातच करून ठेवली होती. हेतू उत्तम होता. माणूस मात्र कुणी नेमला नव्हता.

आणखी एक कारण होतं, आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. त्या काळचा वर्ग ग्रंथालयावाचून अडत नव्हता. एक पाठ्यपुस्तक, त्यातला धडा घरून पाठ करून यायचा, दुसऱ्या दिवशी उभं राहून म्हणून दाखवायचा. प्रश्न पुस्तकातला आणि उत्तरही त्याच पुस्तकातलं, मग दुसरं पुस्तक उघडायचं कशाला? शिकवण्याची पद्धत बदलल्याशिवाय ग्रंथालय हे शाळेचं लेणंच राहणार होतं.

तो बदल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झाला. त्या काळात ड्युई आडनावाची दोन माणसं या कथेत येतात आणि त्यांची नेहमी गल्लत होते. मेल्विल ड्युई यांनी १८७६ मध्ये पुस्तकं विषयवार आकड्यांनी लावण्याची पद्धत, म्हणजे दशांश वर्गीकरण, प्रसिद्ध केलं. पुस्तकाच्या कण्यावरचा आकडा ही त्यांची देणगी. दुसरे जॉन ड्युई, शिक्षणाचे तत्त्वज्ञ. १८९९ मध्ये शाळा आणि समाज या विषयावरची त्यांची व्याख्यानं पुस्तकरूपाने आली. त्यात त्यांनी आदर्श शाळेचा एक नकाशा काढला आहे. चार कोपऱ्यांत कार्यशाळा, विणकाम, स्वयंपाकघर आणि भोजनगृह, आणि बरोबर मध्यभागी ग्रंथालय. हाताने काम करताना मुलाला जे प्रश्न पडतात ते घेऊन त्याने मध्यावर यावं, आणि तिथून त्या कामाचा अर्थ घेऊन परत जावं, अशी ती कल्पना. ग्रंथालयाने विद्यार्थ्यासाठी नेमकं काय करायचं, याचं इतकं नेटकं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

पुढच्याच वर्षी, १९०० मध्ये, ब्रुकलिनच्या इरॅस्मस हॉल हायस्कूलमध्ये मेरी किंग्जबरी रुजू झाल्या. ग्रंथपालनाचं रीतसर प्रशिक्षण घेऊन शाळेत नेमणूक झालेल्या अमेरिकेतल्या पहिल्या ग्रंथपाल म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९०३ मध्ये ब्रुकलिनमधल्याच गर्ल्स हायस्कूलमध्ये मेरी हॉल आल्या. त्यांनी नुसतं ग्रंथालय चालवलं नाही, हायस्कूलचं ग्रंथालय कसं असावं हे लिहून ठेवलं. १९१५ मधल्या त्यांच्या लेखात जुनं ग्रंथालय आणि नवं ग्रंथालय शेजारी शेजारी उभी आहेत. जुनं म्हणजे कुलूपबंद कपाटं. नव्यात वाचनकक्षाला लागून एक वर्गखोली, तिथे पडद्यावर चित्रं दाखवण्याची सोय, चित्रांचे संग्रह, कात्रणं, पुस्तिका, आणि शिक्षकांनी अख्खा वर्ग घेऊन यायची मुभा. आज ज्याला आपण ग्रंथालय तासिका म्हणतो तिचं बीज इथे दिसतं.

ही उदाहरणं एकट्यादुकट्या शाळांची होती. त्यांचा नियम व्हायला सी. सी. सर्टन नावाचे इंग्रजीचे शिक्षक कारणीभूत ठरले. डेट्रॉइटच्या कॅस टेक्निकल हायस्कूलमध्ये ते शिकवत. त्यांच्या समितीने हायस्कूलच्या ग्रंथालयासाठी मानकं तयार केली. १९१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय शिक्षण संघटनेने ती मान्य केली आणि १९२० मध्ये अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने छापली. विद्यार्थिसंख्येनुसार शाळांचे गट पाडून प्रत्येक गटाला जागा किती, ग्रंथपालाची पात्रता काय, वार्षिक तरतूद कशी, हे त्यात सांगितलं होतं. ग्रंथालयाची मागणी इंग्रजीच्या शिक्षकाने लावून धरावी हे मला फार अर्थपूर्ण वाटतं. निबंधाच्या वह्या तपासणाऱ्यालाच ठाऊक असतं की मुलांकडे लिहायला काही नसतं, कारण त्यांनी वाचलेलंच काही नसतं.

आपल्याकडे हाच मुद्दा स्वातंत्र्यानंतर स्पष्ट शब्दांत मांडला गेला. एस. आर. रंगनाथन यांचे ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ चे, त्यातला पहिलाच नियम पुस्तकं वापरण्यासाठी असतात हा. पण डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार यांच्या अध्यक्षतेखालच्या माध्यमिक शिक्षण आयोगाने १९५२-५३ मध्ये शाळा पाहिल्या तेव्हा चित्र वेगळं होतं. जुनी, कालबाह्य, मुलांची आवड न पाहता घेतलेली पुस्तकं, अपुऱ्या आणि निरुत्साही खोलीतली चार-दोन कपाटं, आणि त्यांचा ताबा एखाद्या कारकुनाकडे किंवा अर्धवेळ काम गळ्यात पडलेल्या शिक्षकाकडे, ज्याला ना पुस्तकांची ओढ, ना ग्रंथालयाच्या तंत्राची माहिती. या माणसाला दोष देणं सोपं आहे. हरवलेल्या पुस्तकाचा जाब ज्याला विचारला जाणार, तो कपाटाची किल्ली मुलांच्या हाती देईल कसा? आयोगाने उपाय सांगितला तो याच जागी: प्रत्येक माध्यमिक शाळेत प्रशिक्षित ग्रंथपाल असावा, आणि वेतन व दर्जा यांत तो ज्येष्ठ शिक्षकांच्या बरोबरीचा असावा.

पैशाचा मोठा ओघ आला तो एका उपग्रहामुळे. १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडला, अमेरिकेत शिक्षणाच्या दर्जावरून खळबळ उडाली, आणि १९६५ च्या शिक्षण कायद्यात शालेय ग्रंथालयांच्या साहित्यासाठी स्वतंत्र तरतूद झाली. चित्रफिती, ध्वनिमुद्रणं आली. खोलीचं नावही बदलून 'माध्यम केंद्र' झालं.

माझ्या मते खरा शोध यानंतरचा, आणि तो उपकरणांमुळे लागलेला नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या ग्रंथालयशास्त्राच्या संशोधक कॅरोल कुलथाऊ यांनी हायस्कूलच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांचा अभ्यास केला. ही मुलं दीर्घ निबंधासाठी ग्रंथालयात माहिती शोधत होती. कुलथाऊ यांनी ती काय शोधतात एवढंच पाहिलं नाही, शोधताना त्यांना काय वाटतं हेही विचारलं. सगळ्यांची समजूत अशी की सुरुवातीला गोंधळ असतो आणि माहिती मिळत जाईल तसा तो कमी होतो. प्रत्यक्षात विषय ठरला की मुलं खूश असायची. मग चार पुस्तकं, सहा लेख वाचले की एकाचं दुसऱ्याशी जुळेना, आणि आत्मविश्वास घसरायचा. मुलांना वाटायचं, आपलंच डोकं चालत नाही. वास्तविक तो शोधाचाच स्वाभाविक टप्पा होता. आपल्या निबंधाची नेमकी दिशा सापडल्यावर मन पुन्हा स्थिरावायचं.

याचा ग्रंथपालाच्या कामावर थेट परिणाम होतो. 'अमुक विषयावरची पुस्तकं तिकडच्या रांगेत' असं सांगून सुटका होत नाही, कारण मूल अडतं ते पुस्तकं हातात आल्यानंतर. दोन दिवसांनी ते हिरमुसून परत येतं, विषय बदलू का असं विचारतं, तेव्हा त्याच्याशेजारी बसून 'यातलं तुला काय पटलं, काय खटकलं' असं विचारणारं कुणीतरी लागतं. विषयशिक्षकाला तीस-चाळीस जणांच्या वर्गात ते प्रत्येकासाठी जमत नाही. शिवाय ग्रंथपालाच्या हातात गुण नसतात. त्याच्यापुढे 'मला काहीच कळत नाहीये' असं कबूल करायला मुलाला कमी भीती वाटते.

पुढे आकडेही आले. कोलोराडो राज्यात कीथ करी लान्स आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगला कर्मचारीवर्ग आणि संग्रह असलेल्या ग्रंथालयांच्या शाळांत वाचनचाचणीचे गुण अधिक होते, आणि कुटुंबांची आर्थिक परिस्थिती हिशेबात धरूनही हा फरक पुसला गेला नाही. असे अभ्यास सहसंबंध दाखवतात, कारण सिद्ध करत नाहीत, हे ध्यानात ठेवावं. २००४ च्या ओहायोमधल्या अभ्यासात ३९ शाळांतल्या १३,१२३ विद्यार्थ्यांनाच विचारलं गेलं. ९९ टक्क्यांहून अधिक मुलांनी ग्रंथालयाची कुठल्या ना कुठल्या प्रकारे मदत झाल्याचं सांगितलं. मात्र या शाळा चांगल्या चालणाऱ्या ग्रंथालयांसाठी मुद्दाम निवडलेल्या होत्या. युनेस्कोने १९९९ मध्ये मान्य केलेल्या शालेय ग्रंथालय जाहीरनाम्यातही ग्रंथपाल आणि शिक्षक एकत्र काम करतात तेव्हा मुलांची प्रगती अधिक होते, हे नोंदवलं आहे.

मदतीची एक बाजू हक्काची आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या आयलंड ट्रीज इथे शाळा मंडळाने १९७६ मध्ये ग्रंथालयातून काही पुस्तकं काढून टाकली. स्टीव्हन पिको आणि आणखी चार विद्यार्थी न्यायालयात गेले. १९८२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल विद्यार्थ्यांच्या बाजूने दिला. त्यातल्या मुख्य मताचा गाभा असा की पुस्तकातले विचार आवडत नाहीत एवढ्याच कारणाने मंडळाला ते शाळेच्या ग्रंथालयातून काढता येणार नाही. पाचापैकी चार मुलं हायस्कूलची होती.

इंटरनेट आल्यावर ग्रंथपाल हवाच कशाला, असा प्रश्न अनेक ठिकाणी विचारला गेला आणि पदं कमीही झाली. २०१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी हायस्कूलच्या मुलांना एक छायाचित्र दाखवलं. विद्रूप झालेली डेझीची फुलं, खाली ओळ अशी की हा फुकुशिमा अणुप्रकल्पाचा परिणाम. छायाचित्र कुणी काढलं, कुठे काढलं, याचा काही पत्ता नव्हता. तरी जवळजवळ ४० टक्के मुलांनी तो भक्कम पुरावा मानला. हे चित्र कुठून आलं, असा प्रश्न नीट मांडणारी मुलं २० टक्क्यांहूनही कमी निघाली.