बोर्डिंग, रिमांड होम आणि राहून गेलेली तिसरी वाट : भावनिक अडचणींतील मुलांच्या निवासी उपचारांची पार्श्वभूमी

एखादे मूल शाळेचे नाव काढताच थरथरू लागले, रात्ररात्र जागू लागले किंवा रागाच्या भरात स्वतःला इजा करू लागले, तर साताऱ्याकडच्या घरांत वडीलधारी माणसे अजूनही दोनच गोष्टी बोलून दाखवतात : बोर्डिंगात घाला, नाहीतर रिमांड होमला पाठवा. उपचारासाठी काही काळ राहण्याची जागा असू शकते, हे सहसा कोणाला सुचत नाही.

या दोन्ही वाटा आपल्याकडे जवळजवळ एकदमच आखल्या गेल्या. कराडजवळच्या काले गावी १९१९ मध्ये स्थापन झालेली रयत शिक्षण संस्था कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात आणली आणि सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह सुरू केले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे ‘श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’ असे नामकरण झाले. त्याच १९२४ साली मुंबई इलाख्यात मुलांसाठीचा कायदा संमत झाला. या कायद्याच्या परंपरेतून वाढलेल्या रिमांड होमच्या दारातून घरातून पळालेले, भीक मागताना सापडलेले आणि चोरीच्या आरोपावरून धरलेले मूल एकाच रांगेत आत जात असे. ते का पळाले, हे विचारणारे माणूस त्या व्यवस्थेत क्वचितच असे.

बोर्डिंगात उपचार हा शब्द कोणी उच्चारला नसेल. पण मुले तिथे एकत्र राबत, एका पंगतीत जेवत, आणि त्यांच्या पोटासाठी कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले. आपल्यासाठी कोणीतरी झिजते आहे, हे घरापासून दूर असलेल्या मुलाला रोज दिसणे ही लहान गोष्ट नव्हती, असे मला मनापासून वाटते. जवळपास त्याच काळात ऑस्ट्रियात ऑगस्ट आयकहॉर्न या शिक्षकाने निर्वासितांच्या जुन्या छावणीत बिघडलेली म्हणून हिणवली गेलेली मुले ठेवून घेतली, त्यांच्या आक्रमकतेला शिक्षेने उत्तर देणे थांबवले आणि मोठ्यांशी जुळलेले नाते हेच औषध मानले. निवासी उपचारांचा पाया तिथे घातला गेला.

पुढे या विचाराला मोठे वळण मिळाले. ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी १९५१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी केलेल्या अहवालात लहान वयातील ताटातूट मुलाच्या मनावर किती खोल परिणाम करते, हे मांडले, आणि घरापासून तोडून घर तुटल्याचे दुखणे बरे कसे करायचे, हा पेच उभा राहिला. याचे एक उत्तर आपल्याच देशात सापडले. त्याच दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून सोबत राहू दिले. तिथे रुग्ण प्रौढ होते, तरी कुटुंब हे उपचाराचे अंग आहे ही समज त्यातून रुजली, आणि बंगळूरच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील मुलांच्या विभागातही मुलासोबत पालकाला ठेवून घेतले जाते.

आजचे कायदे याच समजुतीवर उभे आहेत. २०१५ चा बाल न्याय कायदा संस्थेत ठेवण्याला शेवटचा उपाय मानतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अल्पवयीन रुग्णाला केवळ अपवादात्मक परिस्थितीत दाखल करता येते, त्याला प्रौढांपासून वेगळे ठेवावे लागते, मुक्काम ३० दिवसांवर गेला तर पुनरावलोकन मंडळाला तत्काळ कळवावे लागते, आणि त्या सर्व काळात पालकाने किंवा त्यांनी नेमलेल्या माणसाने मुलाजवळ राहणे बंधनकारक आहे.

ही शेवटची अट मला सर्वांत योग्य वाटते आणि आपल्या भागासाठी सर्वांत अवघडही. माण-खटावकडची किंवा जतची रोजंदारीवर जाणारी आई मुलाला घेऊन पुण्याला येरवड्याच्या मनोरुग्णालयात गेली, तर तिची मजुरी त्याच दिवशी बंद होते, आणि मागे राहिलेल्या धाकट्यांना शेजारणीच्या भरवशावर सोडावे लागते.