पार्श्वभूमी : अ‍ॅडाप्टिव्ह पाथ, २००१ ते २०१४

नव्वदच्या दशकातल्या वेब-सल्लागार कंपन्यांची कथा सर्वांना ठाऊक आहे. शेअर बाजारातून पैसा उभा करायचा, शेकड्याने माणसं भरायची आणि शहरागणिक ऑफिसं उघडायची. मार्च २००० नंतर नॅसडॅक हा अमेरिकेतला, तंत्रज्ञान कंपन्यांचा भरणा असलेला शेअर बाजार कोसळला आणि यातल्या कित्येक कंपन्या बुडाल्या किंवा कवडीमोलाने विकल्या गेल्या. सॅन फ्रान्सिस्कोत हातचं काम गेलेले डिझायनर जागोजागी दिसत होते, त्याच २००१ मध्ये सात जणांनी भागीदारीत वेबसाइट वापरणाऱ्यांच्या सोयीने कशी आखावी याचा सल्ला देणारी डिझाइन संस्था, अ‍ॅडाप्टिव्ह पाथ सुरू केली.

भागीदारांपैकी अनेकांचं नाव आधीपासून झालेलं होतं, तेही मुख्यतः लिखाणामुळे. एकाने मार्च २००० मध्ये वेबसाइट वापरण्याचा अनुभव कोणत्या थरांतून घडतो हे दाखवणारी एका पानाची आकृती सर्वांसाठी खुली केली होती. तळाशी उद्दिष्टं आणि वापरणाऱ्यांच्या गरजा, त्यावर व्याप्ती, मग रचना, मग सांगाडा आणि सर्वांत वर डोळ्यांना दिसणारा पृष्ठभाग. मधोमध उभी रेघ : एका बाजूला वेब म्हणजे सॉफ्टवेअर, दुसऱ्या बाजूला वेब म्हणजे माहिती. यूएक्स, म्हणजे वापरणाऱ्याचा अनुभव आखण्याची विद्या, शिकलेल्या कुणालाही ती नव्याने समजावून सांगायला नको.

संस्थेची वाढ समजून घ्यायची तर लिहून सर्वांसाठी खुलं करण्याची ही सवय लक्षात ठेवावी लागते. पैसा यायचा ग्राहकांच्या कामांतून, कार्यशाळांतून आणि परिषदांतून. नाव मात्र झालं ते मोकळ्या हाताने वाटलेल्या गोष्टींमुळे. फेब्रुवारी २००५ मधला एजॅक्सवरचा लेख हे त्याचं ठळक उदाहरण. पान पुन्हा लोड न करता मागच्या मागे सर्व्हरशी बोलायचं, हे तंत्र तेव्हा नवं नव्हतं. जीमेल आणि गूगल मॅप्समध्ये ते लोक रोज पाहत होते. ‘यात नवीन काय?’ असं म्हणणारे प्रोग्रामर होतेच. पण विखुरलेल्या तुकड्यांना एक नाव मिळालं आणि त्या नावावर पुढे पुस्तकं निघाली, नोकरीच्या जाहिराती निघाल्या.

पुढच्याच वर्षी संस्थेने ब्लॉग लिहिणाऱ्यांसाठी बनवलेलं वाचकसंख्या मोजण्याचं साधन गूगलने विकत घेतलं आणि त्यामागचा भागीदारही तिकडे गेला. २००७ मधलं काम मला सर्वांत मोलाचं वाटतं. मधुमेह असलेल्या एका ब्लॉगलेखिकेने जाहीर पत्र लिहून विचारलं होतं, की गाणी ऐकायचं यंत्र इतकं देखणं असू शकतं, तर आम्ही चोवीस तास अंगावर वागवतो ती उपकरणं अशी ओबडधोबड का? कुणी ऑर्डर दिलेली नसताना संस्थेने ते मनावर घेतलं. त्वचेला चिकटणारा इन्सुलिनचा पंप आणि किल्ल्यांना किंवा गळ्यातल्या साखळीला अडकवता येईल एवढं छोटं नियंत्रक, असा आराखडा त्यांनी सर्वांसमोर मांडला. तो कारखान्यापर्यंत पोचला नाही. तरी वैद्यकीय उपकरणही माणसाच्या रोजच्या जगण्याच्या बाजूने आखता येतं, हे त्याने दाखवून दिलं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये क्रेडिट कार्डांसाठी ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतल्या एका मोठ्या बँकेने अख्खी संस्था विकत घेतली. किंमत जाहीर झाली नाही. परिषदा आणि प्रशिक्षण चालू राहील, मात्र बाहेरच्या ग्राहकांची कामं थांबतील, असं ठरलं. यावरून डिझाइनच्या वर्तुळात जो वाद झाला तो अजून मिटलेला नाही.

विक्रीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा हिशेबाचा होता. डिझाइन स्टुडिओ आपल्या माणसांच्या कामाचे तास विकतो. माणसं वाढवल्याशिवाय मिळकत वाढत नाही आणि माणसं वाढवली की मंदीत तीच डोईजड होतात. त्यात मोठ्या कंपन्या स्वतःची डिझाइन टीम बांधू लागल्या होत्या, आणि त्या कशा बांधायच्या हे शिकवणाऱ्यांत हीच संस्था पुढे होती. ज्यांना शिकवलं त्यांना बाहेरच्या सल्ल्याची गरज कमी उरली. शिवाय सल्लागार अहवाल देऊन निघून जातो आणि अहवाल कपाटात पडतो. आत राहिलं तर काम शेवटास नेता येतं.

हे सगळं खरं आहे. तरीही विरोधकांचं म्हणणं मला अधिक वजनदार वाटतं. ही संस्था एका ग्राहकाकडून शिकलेलं दुसऱ्याकडे नेत होती आणि जेवढं सांगता येईल तेवढं जगाला सांगत होती. बँक ग्राहक असणं वेगळं आणि बँक मालक असणं वेगळं. मालक बँक असली की प्रत्येक लेखाआधी कायदेविभाग आणि स्पर्धकांची भीती उभी राहते. पगार, पदं, कामाची शाश्वती यांवर त्या वेळी भरपूर चर्चा झाली. मोकळेपणाने लिहिण्याचं काय होणार, यावर फार थोडी.

ही एकटी घटना नव्हती. त्याच २००१ साली लंडनमध्ये सुरू झालेली एक संस्था २०१३ मध्ये जागतिक सल्लागार कंपनीने घेतली होती. २०१५ मध्ये स्पेनच्या एका बँकेने सॅन फ्रान्सिस्कोतला दुसरा स्टुडिओ घेतला. बेंगळुरूच्या आयटी कंपनीने त्याच वर्षी मूळची डेन्मार्कची डिझाइन संस्था घेतली आणि २०१७ मध्ये तिच्यामार्फत सॅन फ्रान्सिस्कोची, १९९२ पासून चालत आलेली आणखी एक. आपल्याकडच्या आयटी कंपन्यांत ‘डिझाइन स्टुडिओ’ हा शब्द रुळला तो याच काळात.

अ‍ॅडाप्टिव्ह पाथच्या परिषदा विक्रीनंतर काही वर्षं चालल्या, मग बंद झाल्या आणि नावही वापरातून गेलं. संस्थेचा जुना ब्लॉग, पद्धतींवरच्या टिपा, त्या वर्षांतली चर्चा यांच्यासाठी आज विद्यार्थ्याला इंटरनेट अर्काइव्हमध्ये जतन झालेल्या प्रती धुंडाळाव्या लागतात. विक्रीचा करार करतानाच हा सगळा ठेवा एखाद्या विद्यापीठाकडे सोपवायला हवा होता. त्याला खर्च फारसा आला नसता.