गडद लाल रंग घेताय? आधी ग्रे प्रायमरचं वाचा

मरून म्हणा, डाळिंबी म्हणा, वाइन म्हणा, दसरा जवळ आला की हॉलची एक भिंत गडद लाल करायचीच म्हणून लोक आमच्या रंगाच्या दुकानात येतात आणि दोन-तीन दिवसांनी त्यातल्याच बऱ्याच जणांचा फोन, "अहो पट्टे दिसतायत, गुलाबी मारतंय, डबा ड्युप्लिकेट दिला का?"

डबा ओरिजिनलच असतो हो. भानगड खालच्या पांढऱ्या प्रायमरची, म्हणजे रंगाआधी मारायच्या अस्तराची आहे. पुट्टी पांढरी, पेंटर सवयीने प्रायमरही पांढराच मारतो आणि वरून थेट लाल. फिकट रंगाच्या बेसमध्ये, म्हणजे ज्यात शेड मिसळतात त्या मूळ रंगात, टिटॅनियम डायऑक्साइड म्हणजे पांढरं पिगमेंट भरपूर असतं, खालचं झाकायचं काम तेच करतं. गडद लालच्या बेसमध्ये ते जवळजवळ नसतंच, कारण घातलं की लालचा गुलाबी झाला. त्यामुळे हा रंग थोडा पारदर्शकच बसतो, रोलर कमी फिरला तिथे खालचा पांढरा डोकावतो. मग तिसरा हात, चौथा हात, पेंटर वैतागलेला, मजुरी वाढलेली आणि पाहुणे दारात.

म्हणून आम्ही प्रायमर ग्रे टिंट करून, म्हणजे त्यात रंग मिसळून देतो, डाळिंबीला मध्यम आणि मरूनला जरा गडद. ग्रे भिंत बघून घरचे घाबरतात, सिमेंटचं गोडाऊन झालंय म्हणतात, पण त्यावर लालचे दोन हात पुरतात, फार तर तिसरा. काहींना वाटतं ही दुकानदाराची जादा कमाई. अहो, लालचा एक लिटर प्रायमरच्या लिटरपेक्षा कितीतरी महाग आहे, कमाईच करायची असती तर आम्ही पांढऱ्यावरच मारू दिलं असतं!

पहिल्या हातानंतर भिंत कशीही दिसली तरी लगेच फोन करू नका, आणि अर्धवट ओल्या रंगावर परत रोलर तर अजिबात नको. चार तास थांबा, पावसाळ्यात त्याहून जास्त.

१२ बाय १० फुटांची भिंत म्हणजे १२० स्क्वेअर फूट, त्याला दीड-दोन लिटर धरा आणि एकदमच घ्या. नंतर आणलेल्या डब्यात शेडचा कोड तोच असला तरी उन्नीस-बीस फरक येतो, गडद शेडमध्ये तो लगेच दिसतो. डबे जास्त असतील तर सगळे एका बादलीत ओतून ढवळून घ्या. टिंट केलेला डबा परत घेत नाही, ती शेड दुसरं कोण नेणार?

पंचवटीत किंवा जुन्या नाशकातल्या वाड्यात भिंतीला ओल असेल तर आधी ती बघा, लालवर क्षाराचे पांढरे डाग लांबून दिसतात. सोफ्यामागे प्लेन मॅट नको, घासल्याच्या खुणा पडतात, हलकी शीन म्हणजे चमक असलेला घ्या, मात्र पुट्टी नीट घासलेली हवी, नाहीतर शीनमध्ये प्रत्येक उंचवटा दिसतो. आणि पांढऱ्याफटक ट्यूबखाली हा रंग तपकिरी, मेल्यासारखा वाटतो, वॉर्म एलईडी लावा.

मोबाइलवरच्या फोटोवरून शेड ठरवू नका, प्रत्येक स्क्रीनवर लाल वेगळा दिसतो. छोटा सॅम्पल डबा न्या, भिंतीवर दोन फूट मारून दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा बघा, मग ऑर्डर द्या. येताना भिंतीची लांबी-उंची लिहून आणा, दार-खिडकी वजा करून. पेंटरला सोबत आणलंत तर ग्रेचं आम्हीच त्याला समजावून सांगतो.