नगरसेवकपदाला उभे कोण राहणार? दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

नोव्हेंबर २०२५ मध्ये महापालिकांच्या आरक्षण सोडती निघाल्या आणि गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या कित्येक इच्छुकांचे गणित एका चिठ्ठीने विस्कटले. ड्रेनेजच्या तक्रारी घेऊन वर्षानुवर्षे वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवणाऱ्या कार्यकर्त्याची जागा महिलांसाठी राखीव झाली, तर कुठे अनपेक्षितपणे खुली झाली. नगरसेवकपदाला उभे राहायचे असले तर नुसती कामाची हौस पुरत नाही. प्रभागाची हद्द, आरक्षण आणि पक्षाचे तिकीट या तिन्ही गोष्टी जुळून याव्या लागतात. ही अवस्था एका दिवसात आलेली नाही.

सुरुवातीला तर उभे राहण्याचा हक्कच मूठभरांचा होता. मुंबईत १८७२ च्या कायद्याने महापालिका आली तेव्हा ६४ सदस्यांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे होते. उरलेल्यांत १६ जणांना जस्टिस ऑफ द पीस, म्हणजे सरकारने नेमलेले मानद दंडाधिकारी, निवडत आणि १६ जणांना सरकार नेमत असे. फिरोजशाह मेहता यांचा ठसा असलेल्या १८८८ च्या कायद्याने सभागृह ७२ जणांचे झाले. त्यातही वॉर्डांतून निवडून येणारे ३६ च. विद्यापीठाचे फेलो आणि चेंबर ऑफ कॉमर्स यांनाही प्रत्येकी दोन जागा होत्या. चाळीत खोली घेऊन राहणाऱ्या गिरणी कामगाराला मत नव्हते, मग उमेदवारी कुठली! तरीही हा कायदा महत्त्वाचा, कारण असंख्य दुरुस्त्यांसह मुंबईचा कारभार आजही त्यावरच चालतो.

पुण्यात महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सदस्य होते, पण निवडून आलेले नव्हे, सरकारने नेमलेले. व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून स्वागतासाठी १००० रुपये खर्चण्याचा प्रस्ताव १८८० मध्ये आला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असे सांगून ३२ सदस्यांत एकट्या फुल्यांनी विरोध केला. ज्या सरकारने नेमले त्याच्याच सर्वोच्च अधिकाऱ्याच्या स्वागताला नकार देण्याचे हे धैर्य मला आजही फार मोठे वाटते. पण सगळेच सदस्य फुले नसतात. नेमलेल्या माणसाला नेमणाऱ्याकडे पाहूनच बोलावेसे वाटणार, आणि म्हणूनच निवडणुकीची गरज होती.

लॉर्ड रिपनच्या १८८२ च्या ठरावाने स्थानिक संस्थांत निवडून आलेल्या, बिनसरकारी सदस्यांचे प्रमाण वाढवण्याचे धोरण आखले. पुढे लोकमान्य टिळक १८९५ मध्ये पुणे नगरपालिकेत निवडून गेले, गोपाळ कृष्ण गोखले तिचे अध्यक्ष झाले. मतदार मात्र करदातेच होते, त्यामुळे सभागृहात वकील, सावकार आणि घरमालकांचा भरणा असे. बहुजन समाजाचा आवाज तिथे उमटायला आणखी काही दशके जावी लागली. केशवराव जेधे १९२५ मध्ये पुणे नगरपालिकेत निवडून आले आणि त्यांनी महात्मा फुल्यांचा पुतळा उभारण्याचा ठराव आणला. ज्या सभागृहात फुले स्वतः बसले होते, त्याच सभागृहाने तो फेटाळला. पण त्या ठरावाने शहरभर वाद पेटला. पुतळा झाला नाही, तरी प्रश्न सभागृहाच्या पटलावर आला, आणि तो आला जेधे निवडून आले म्हणूनच.

मुंबईतही याच सुमारास दार किलकिले झाले. मतदानासाठीची अट १९२२ मध्ये महिना १० रुपये भाड्यापर्यंत खाली आली. १९२३ मध्ये सरोजिनी नायडू आणि अवंतिकाबाई गोखले सभागृहात दाखल झाल्या. प्रौढ मताधिकारावर मुंबईची पहिली निवडणूक मात्र १९४८ मध्ये झाली. पुण्याची महापालिका १५ फेब्रुवारी १९५० रोजी अस्तित्वात आली आणि १९५२ च्या निवडणुकीनंतर बाबूराव सणस पहिले महापौर झाले.

मत सर्वांना मिळाल्यावर वेगळ्या धाटणीचा उमेदवार दिसू लागला. मृणाल गोरे गोरेगावात आधी ग्रामपंचायतीत काम करत होत्या आणि १९६१ मध्ये मुंबई महापालिकेत निवडून आल्या. ‘पाणीवाली बाई’ हे नाव त्यांना लोकांनी दिले, हंडे घेऊन काढलेल्या मोर्च्यांमुळे. पुढे त्या आमदार आणि खासदारही झाल्या, पण सुरुवात नळाच्या पाण्यापासूनच झाली. १९६८ मध्ये नव्या शिवसेनेने मुंबईत ४२ जागा जिंकल्या. गल्लीतल्या शाखेत बसणारा तरुण थेट महापालिकेत जाऊ शकतो, हे त्या निवडणुकीने दाखवून दिले.

एक दुखणे मात्र तसेच राहिले. निवडणूक कधी घ्यायची हे राज्य सरकारच्या मर्जीवर होते. मुंबईत १९७८ नंतर थेट १९८५ मध्ये आणि त्यानंतर १९९२ मध्ये मतदान झाले. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने यावर उपाय योजला : पाच वर्षांची मुदत, मुदत संपण्याआधी निवडणूक, त्यासाठी स्वतंत्र राज्य निवडणूक आयोग, अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येनुसार जागा आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा. महिलांच्या बाबतीत महाराष्ट्र आधीपासूनच चालू लागला होता. १९९२ च्या महापालिका निवडणुकांत ३० टक्के जागा महिलांसाठी होत्या. २०११ च्या कायद्याने हे प्रमाण ५० टक्के झाले आणि २०१२ मध्ये ते महापालिकांना लागू झाले. नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या सांगण्यावरून फॉर्म भरणाऱ्या बायका होत्या आणि आहेत. पण त्यांतल्या कितीतरी जणींनी दुसऱ्या वेळी स्वतःच्या कामावर मते मागितली, हे आरक्षणावर नाक मुरडणाऱ्यांनी विसरू नये.

उमेदवाराच्या दृष्टीने सर्वांत मोठी उलथापालथ झाली ती प्रभागरचनेत. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो. राज्यातल्या इतर महापालिकांत मात्र सत्ता बदलली की पद्धत बदलते : २००२ मध्ये तीन सदस्यांचा प्रभाग, २००७ मध्ये एकाचा, २०१२ मध्ये दोघांचा, २०१७ मध्ये चौघांचा. मग महाविकास आघाडीने आधी एक आणि नंतर तीन सदस्यांचा निर्णय घेतला, तर २०२२ मध्ये शिंदे सरकारने पुन्हा चारवर नेले. पुण्यात २०१७ मध्ये १६२ जागांसाठी ४१ प्रभाग होते; सरासरी एका प्रभागात पाऊण लाखावर लोकसंख्या. चार-सहा गल्ल्यांत ज्याला सगळे ओळखतात अशा अपक्षाने एवढ्या वस्तीत घरोघर जायचे कसे? पक्षाचे चार जणांचे पॅनेल एकत्र पत्रके छापते, एकत्र फेऱ्या काढते, एकाच चिन्हावर चारही मते मागते. यात पक्षांची सोय आहे. रहिवाशाचे मात्र नुकसान होते, कारण फुटलेल्या गटाराबद्दल विचारले की चौघे एकमेकांकडे बोट दाखवतात.

घटनेने घातलेली पाच वर्षांची मर्यादाही पुढे टिकली नाही. ४ मार्च २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओबीसींच्या राजकीय आरक्षणासाठी तिहेरी चाचणीची अट घातली : समर्पित आयोग, स्थानिक संस्थानिहाय माहिती आणि एकूण आरक्षणाला ५० टक्क्यांची मर्यादा. त्यासाठी राज्याने नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल जुलै २०२२ मध्ये आला, पण तोवर प्रभागरचनेच्या याचिकांची गुंतागुंत झाली होती. मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ रोजी संपली होती. औरंगाबाद, नवी मुंबई, कोल्हापूर आणि वसई-विरारची तर २०२० मध्येच. कारभार प्रशासकाकडे गेला. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बांठिया आयोगापूर्वीचे ओबीसी आरक्षण ठेवून निवडणुका घेण्याचा आदेश दिला आणि अखेर १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांसाठी मतदान झाले. मधल्या काळात नागरिकांना तक्रार घेऊन जायला हक्काचा नगरसेवकच नव्हता.

आज उभे राहणाऱ्याचे वय किमान २१ हवे आणि शहराच्या मतदारयादीत नाव हवे. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले असेल तर अर्ज बाद. मालमत्ता आणि गुन्ह्यांचे शपथपत्र, राखीव जागेसाठी जात वैधता प्रमाणपत्र, पक्षाचा असाल तर एबी फॉर्म, म्हणजे पक्षाने दिलेले अधिकृत उमेदवारीचे पत्र. हा एबी फॉर्म शेवटच्या दिवसापर्यंत हातात पडत नाही आणि बंडखोरीची बीजे तिथेच पेरली जातात. निवडून आल्यावरही वैधता प्रमाणपत्र मुदतीत दिले नाही म्हणून पद गमावलेले नगरसेवक राज्यात आहेत.

जानेवारीतले सगळे प्रभाग २०११ च्या जनगणनेवर आखलेले होते. नवी जनगणना प्रसिद्ध झाली की हद्दी, जागांची संख्या आणि आरक्षण पुन्हा ठरवावे लागेल. पुढच्या निवडणुकीसाठी आतापासून कामाला लागलेल्या कार्यकर्त्याला आपला प्रभाग तोच राहील याची खात्री आज कुणीही देऊ शकत नाही.